जुन्या मोटारीचा निळा धूर व झडपांचीं रबरी सीलें

आमच्या पाथरी तालुक्यांतील कित्येक शेतकऱ्यांच्या वाड्यांत एखादी जुनी मोटारगाडी अद्यापि उभी असलेली दिसते. वडिलांच्या हातची म्हणून ती विकवत नाहीं, आणि नवी घेण्याइतका पैसा दर वर्षीं उरत नाहीं. बियाण्याच्या पिशव्या, फवारणीचीं औषधें, मानवतच्या बाजारास जाणारीं चार माणसें, रात्रीं अपरात्रीं परभणीस न्यावयाचा आजारी जीव, हीं सर्व ओझीं तिनें वाहिलेलीं असतात. अशा गाडीच्या मागून निळसर धूर निघूं लागला म्हणजे घरांत काळजी उत्पन्न होते. आणि गॅरेजांतील मिस्त्रीनें “एंजिन बांधावें लागेल” एवढे शब्द उच्चारले म्हणजे ती काळजी साऱ्या हंगामाच्या हिशेबावर जाऊन बसते. प्रस्तुत लेखांत आम्हांस एवढेंच सांगावयाचें आहे कीं, निळा धूर हा प्रत्येक वेळीं एंजिनाच्या मरणाचा दाखला नव्हे. पुष्कळदां तो झडपांच्या दांड्यांवरील लहानशा रबरी सिलांचा दोष असतो, आणि तो दोष ओळखणें व दूर करणें हें धीराच्या माणसास घरच्या अंगणांत साधण्यासारखें आहे.

हा विषय आम्हांस कसा सुचला तें प्रथम सांगतों. आमच्या शेजारच्या एका तरुण शेतकऱ्याकडे वडिलोपार्जित अँबॅसडर गाडी आहे. ती दर तीनशें किलोमीटरला लिटरभर ऑइल पिऊं लागली. गॅरेजांत दाखवितां, बोअर करून नवे पिस्टन व रिंगा घालाव्या लागतील असें सांगण्यांत आलें. त्यांतच गाडीच्या नोंदणीची मुदत चार महिन्यांनीं संपत होती. खाजगी मोटारीची नोंदणी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें प्रथम १५ वर्षें चालते. पुढें ती दर वेळीं ५ वर्षांकरितां वाढवून घ्यावी लागते, व त्यापूर्वीं गाडीची तपासणी होते. धुराची गाडी तपासणीस नेण्यांत अर्थ नव्हता. तो तरुण आमच्याकडे येऊन म्हणाला, “काका, दोन एकरांचा कापूस हिच्या पोटांत घालूं काय ? त्यापेक्षां भंगारांत दिलेली बरी.” आम्हीं त्यास म्हटलें, “बाबा, आधीं पंचनामा करूं, मग निकाल देऊं.” महसुलाच्या नोकरींत जन्म गेल्यामुळें पाहणीवांचून निकाल देण्याची आम्हांस संवय नाहीं.

गाडी व तिचें एंजिन

अँबॅसडर ही गाडी पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथें हिंदुस्थान मोटर्स या कंपनीनें विलायतेच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीच्या धर्तीवर बनविली. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ती निघूं लागली आणि २०१४ च्या मे महिन्यांत तिचें उत्पादन थांबलें. हिच्या जुन्या पेट्रोल गाड्यांत १४८९ घनसेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें एंजिन असतें. त्याचा आराखडा ऑस्टिन व मॉरिस यांच्या घराण्यांतून १९५२ सालीं एकत्र झालेल्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचा. त्यांतील आठहि झडपा वरच्या हेडांत, एका ओळींत उभ्या असतात. पुशरॉड रॉकरला वर ढकलतो, रॉकर झडपेस खालीं दाबतो, आणि दाब सुटतांच स्प्रिंग झडपेस पुन्हां वर ओढून घेते. रचना उघडी व सरळ असल्यामुळें शिकणारास हें एंजिन फार सोयीचें आहे.

सील करतें काय ?

प्रत्येक झडपेचा दांडा गाइड नांवाच्या नळींतून खालींवर सरकतो. रॉकरांस वंगण मिळावें म्हणून हेडावर ऑइल सतत येत असतें. दांडा कोरडा राहिला तर गाइडांत अडकेल. परंतु जास्त ऑइल उतरलें तर तें सिलिंडरांत जाऊन जळेल व निळा धूर होईल. थोडें ऑइल जाऊं द्यावयाचें व अधिक अडवावयाचें, हें रबरी सिलाचें काम होय. जणूं पाटाच्या तोंडाशीं बसविलेली ती दारेची फळी समजावी.

रबर वर्षानुवर्षें उष्णतेंत राहिल्यानें कठीण होतें, चिरतें, आणि शेवटीं त्याचे तुकडे पडतात. मग ऑइल मोकळें उतरूं लागतें. त्यांतहि हवा आंत घेणाऱ्या झडपांकडील गळती अधिक घातक असते. पायाखालील अ‍ॅक्सिलरेटर सोडला म्हणजे कार्बोरेटरचा पडदा मिटतो. पिस्टन मात्र हवा ओढीतच राहतो. त्यामुळें आंतील नळींत मोठी पोकळी उत्पन्न होते, आणि ती पोकळी गाइडांतून ऑइल खालीं शोषून घेते. हें तत्त्व ध्यानांत ठेवलें तर पुढील परीक्षा आपोआप समजतील.

धुराचा पंचनामा

प्रथम धुराचा रंग पाहावा. काळा धूर पेट्रोल जास्त जळत असल्याचें दाखवितो. एंजिन तापल्यावरहि पांढरी वाफ येत असेल व रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल तर हेडाखालील गास्केटवर संशय घ्यावा. निळा धूर मात्र ऑइलाचा. निळा ठरल्यावर पुढील चार परीक्षा कराव्या.

पहिली : गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळीं सुरू करावी. सुरू होतांच एक मोठा निळा लोट येऊन नंतर धूर विरळ झाला, तर रात्रीं ऑइल थेंबथेंब करून झडपांवर उतरलें असें समजावें. हें सिलाचें लक्षण होय.

दुसरी : अंबाजोगाईहून परळीकडे उतरतांना जसा लांब उतार लागतो, तशा उतारावर गाडी गिअरांत ठेवून पाय सोडून द्यावा, आणि खालीं येऊन पुन्हां अ‍ॅक्सिलरेटर दाबावा. मागें बसलेल्या माणसानें त्याच क्षणीं धूर पाहावा. दाबतांच निळा लोट आला तर दोष झडपांकडे. उलट, चढावर व ओझ्याखालीं धूर एकसारखा येत राहिला तर रिंगांकडे पाहावें.

तिसरी : एंजिन चालू असतां ऑइल भरण्याचें झांकण उघडावें. तेथून फकफक करीत जोराचा वारा बाहेर येत असेल तर जळलेला वायु रिंगांच्या बाजूनें खालीं उतरत आहे.

चौथी : दाब मोजण्याचें घड्याळ प्लगच्या छिद्रास लावून चारहि सिलिंडरांचा दाब कागदावर लिहून घ्यावा. नंतर प्रत्येकांत चहाचा एक चमचा ऑइल टाकून पुन्हां मोजावा. ऑइलानें दाब बराच वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण ऑइलानें त्यांची फट तात्पुरती बुजविली. दाब मुळांतच चांगला व चारहींत सारखा असेल तर रिंगा शाबूत समजाव्या.

शेजाऱ्याच्या गाडींत सकाळचा लोट मोठा होता. झांकणांतून वारा येत नव्हता. चारहि दाब जवळजवळ सारखे होते. दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरचे प्लग मात्र ऑइलानें ओले होते. चार साक्षीदारांपैकीं एकहि रिंगांच्या विरुद्ध बोलला नाहीं. मग बोअर कशासाठीं करावयाचें ?

सामग्री

आठ नवीं सीलें, रॉकर-झांकणाचें गास्केट, आणि जवळ असावें म्हणून हेडाचें एक गास्केट आणून ठेवावें. पान्यांचा संच, टॉर्क-पाना, फिलर गेज, लोहचुंबक, लांकडी हातोडी व स्प्रिंग दाबण्याचें हत्यार लागेल. हेड गाडीवरच असतां वरून दाबणारें, तरफेसारखें हत्यार पाहिजे. इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचा शिकंजा हेड उतरविल्यावांचून लागत नाहीं. याखेरीज सुमारें दोन मीटर लांबीची, पेन्सिलीएवढी जाड, मऊ व स्वच्छ सुती दोरी घ्यावी. सुतळी कदापि घेऊं नये. तिचे तंतु सिलिंडरांत राहतात. ही दोरीच या सर्व कामाची किल्ली आहे. स्प्रिंग काढली म्हणजे झडपेस वर धरणारें कांहीं उरत नाहीं, आणि ती सिलिंडरांत पडली तर हेड उतरविण्यावांचून गति नाहीं. दोरी तिला खालून आधार देते.

कृति

एंजिन पूर्ण थंड असतां काम आरंभावें. बॅटरीची तार सोडावी, रेडिएटरमधील पाणी काढावें, व चारहि प्लग काढून क्रमानें ठेवावे. नंतर रॉकरचें झांकण काढावें.

येथें अँबॅसडरवाल्यांस एक विशेष इशारा द्यावयाचा आहे. या एंजिनांत रॉकरच्या दांड्याचे जे पाय आहेत, त्यांवरील चार नट हेडहि आवळून धरतात. तेवढेच चार सोडले तर हेड एका बाजूनें ताणलें जाऊन वांकण्याचा व पाणी सिलिंडरांत उतरण्याचा संभव असतो. म्हणून हेडाचे सर्व नट थोडे थोडे, फेरीफेरीनें सैल करावे, आणि मगच रॉकर उचलावे. पुशरॉड हलकेच फिरवून काढावे आणि खोक्याच्या पुठ्ठ्यास आठ भोंकें पाडून, क्रमांक घालून, त्यांत उभे करावे. जो ज्या जागेचा तो त्याच जागीं गेला पाहिजे.

रॉकर निघाले म्हणजे सर्व झडपा मिटलेल्या असतात. आतां गाडी चौथ्या गिअरांत घालून दोघांनीं हळू ढकलावी. प्लग नसल्यामुळें एंजिन सहज फिरतें. प्लगच्या छिद्रांतून प्लास्टिकची बारीक नळी आंत सोडली म्हणजे पिस्टन वर येतो कीं खालीं जातो तें कळतें. पिस्टन अर्ध्यावर असतां दोरी छिद्रांतून आंत भरावी, व तिचें टोंक हातभर बाहेर ठेवून गांठ मारावी. मग पिस्टन वर येईल असें ढकलीत दोरी झडपांखालीं घट्ट बसेपर्यंत न्यावें, चाकांस दगड लावावे व गिअर तसाच राहूं द्यावा. दोरी काढतेवेळीं गाडी उलट ढकलावी. हँडलनें एंजिन एकाच बाजूस फिरतें, म्हणून येथें ढकलण्याचीच रीत बरी. पहिला व चौथा पिस्टन एकदम वर येतात, तसेच दुसरा व तिसरा; तरी दोरी एका वेळीं एकाच सिलिंडरांत भरावी.

स्प्रिंग दाबण्यापूर्वीं हेडावरील सर्व भोंकें स्वच्छ फडक्यांनीं बुजवावीं. स्प्रिंगेच्या टोपीवर पोकळ पाना ठेवून हलका ठोका द्यावा, म्हणजे चिकटलेले कॉटर मोकळे होतात. डोळ्यांवर चष्मा लावावा. स्प्रिंग दाबून कॉटरचे दोन इवलेसे तुकडे चुंबकानें उचलावे. टोपी, स्प्रिंग व आंतील ऑइल अडविणारी नळी काढून घ्यावी.

आतां झडपेचा दांडा दोन बोटांत धरून आडवा हलवून पाहावा. क्वचित् जाणवेल इतकीच हालचाल असेल तर गाइड चांगलें आहे. दांडा खडखडत असेल तर गाइडच झिजलें आहे, व नवें सील घातलें तरी तें लवकरच खराब होईल.

जुनीं सीलें पुन्हां वापरूं नयेत. नवें सील स्वच्छ ऑइलांत बुडवून घ्यावें. जुन्या पद्धतीच्या एंजिनांत ही रबरी कडी स्प्रिंग दाबून धरली असतांच दांड्यावर चढवून कॉटरच्या खांचेच्या लगेच खालीं बसवावी लागते. ज्या हेडांत टोपीसारखें सील असतें, त्यांत तें गाइडच्या डोक्यावर पोकळ पान्यानें सरळ दाबून बसवावें. निघालेलें जुनें सील ज्या प्रकारचें असेल त्याच प्रकारचें नवें आणावें. शेवटीं कॉटर खांचेंत ठेवून स्प्रिंग हळू सोडावी, आणि दांड्याच्या टोंकावर लांकडी हातोडीचा एक बेताचा ठोका देऊन कॉटर नीट बसल्याची खात्री करावी.

आमच्या हातून झालेली एक चूक येथें सांगणें आम्ही कर्तव्य समजतों. दोन सिलिंडरांचें काम सुरळीत झाल्यानें आम्ही निष्काळजी झालों, आणि तिसऱ्याच्या वेळीं एक फडकें उचललेलें तसेंच राहिलें. कॉटरचा एक तुकडा उडून पुशरॉडच्या भोंकांतून खालीं गेला. सारी सायंकाळ त्यापायीं गेली. दुसऱ्या दिवशीं खालचें ऑइल काढून टाकी उतरविली, तेव्हां तो तळाशीं सांपडला. तो तसाच ठेवून एंजिन चालविलें असतें तर बोअरचा खर्च वाचविण्याऐवजीं दुप्पट झाला असता. फडक्याचा आळस इतका महाग पडतो.

नवाचा हिशेब

पुशरॉड व रॉकर बसवून हेडाचे नट मध्यापासून बाहेरच्या बाजूस, फेरीफेरीनें, पुस्तकांत दिलेल्या मापापर्यंत टॉर्क-पान्यानें आवळावे. एकदां सैल झालेलें जुनें गास्केट क्वचित् पुढें गळूं लागतें. तसें झाल्यास हेड उतरवून नवें घालावें लागेल, ही तयारी मनांत असावी.

मग झडप व रॉकर यांमधील फट जुळवावी. या एंजिनास एक सुंदर सोय आहे. झडपांस पुढून मागें एक ते आठ क्रमांक द्यावे. जी झडप पूर्ण उघडी असेल तिचा क्रमांक नवांतून वजा करावा. जो क्रमांक येईल त्या झडपेची फट त्या वेळीं तपासावी. पहिली उघडी तर आठवी, तिसरी उघडी तर सहावी, पांचवी उघडी तर चौथी. फट किती ठेवावी तें गाडीच्या पुस्तकांत असतें. त्याहून कमी मात्र ठेवूं नये. आपल्या देशांत २००० सालापासून शिशाचें पेट्रोल बंद झालें आहे. तें शिसें झडपांच्या बैठकींस राखीत असे. तें गेल्यावर जुन्या हेडांत धूर सोडणाऱ्या झडपांची बैठक हळूहळू खचते व फट आपोआप कमी होत जाते. फट उरली नाहीं तर झडप पूर्ण मिटत नाहीं व जळते. म्हणून ही फट मधून मधून पाहात जावी.

फळ व मर्यादा

पाणी भरून एंजिन सुरू केलें तेव्हां पूर्वीपेक्षांहि जास्त धूर आला, आणि आमच्या तरुण मित्राचा चेहरा उतरला. वस्तुतः सायलेन्सरमध्यें सांचलेलें जुनें ऑइल जळत होतें. तीन चार दिवसांच्या फेऱ्यांनंतर तो धूर गेला. ऑइलाची काठी दर रविवारीं पाहून वहींत टिपण ठेवलें. पूर्वीं तीनशें किलोमीटरला लागणारें लिटर आतां हजाराच्या पुढें पुरूं लागलें. आठ सिलांस जो पैसा पडला तो एक लिटर ऑइलाच्या किमतीहून कमी होता. गाडी परभणीच्या परिवहन कार्यालयांत तपासणीस गेली व तिची नोंदणी पांच वर्षें वाढून आली.

तथापि सत्य सांगावयाचें तर धूर अगदीं नाहींसा झाला नाहीं. चौथ्या सिलिंडरचें एक गाइड झिजलेलें आहे, हें आम्हांस दांडा हलवितांनाच कळलें होतें. त्याचें काम हेड उतरवून यंत्रशाळेंतच होईल. तें घरचें नव्हे. परंतु कोणतें गाइड वाईट आहे हें ठाऊक असल्यामुळें मालक आतां मिस्त्रीपुढें अज्ञानानें उभा राहणार नाहीं. मिस्त्रीस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. निळ्या धुराच्या दहा गाड्या बोअर करून बऱ्या झाल्या म्हणजे अकराव्या गाडीलाहि तोच उपाय सुचणें मनुष्यस्वभाव आहे. तपासणी मागणें हें मालकाचें काम आहे.

विहिरीवरील डिझेल एंजिन किंवा ट्रॅक्टर यांस हे सर्व नियम जसेच्या तसे लावूं नयेत. डिझेल एंजिनांत हवेच्या वाटेवर पडदा नसतो, त्यामुळें वर सांगितलेली पोकळी तितकी होत नाहीं, आणि सिलांतून ऑइल शोषलें जाणेंहि कमी असतें. तेथें निळा धूर दिसल्यास रिंगांचा संशय आधीं घ्यावा. दाबाचें साधें घड्याळहि तेथें चालत नाहीं. डिझेलचा दाब फार मोठा असल्यानें त्याचें घड्याळ वेगळें असतें.

रोगट पऱ्हाटी दिसतांच सर्व शेत उपटणारा शेतकरी आम्हीं पाहिला नाहीं. तो आधीं पान उलटून पाहतो, कीड आहे कीं पाण्याचा ताण आहे हें ठरवितो, आणि मग औषधास हात घालतो. जुन्या गाडीच्या बाबतींतहि हीच रीत ठेवावी. सकाळीं पांच मिनिटें धुराकडे पाहण्यास कांहीं खर्च येत नाहीं. ज्या बंधूंच्या घरीं अशी गाडी धुरामुळें झांकून ठेवलेली असेल, त्यांनीं तिला भंगाराच्या वजनकांट्यावर चढविण्यापूर्वीं एवढी पाहणी अवश्य करावी, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंति आहे.